वेशीतला चढ

"मच्छिंद्रराव म्हणजे अत्यंत नम्र माणूस. हाताखाली फटफटी असून वेशीत कधी गाडीवर बसून आले नाहीत. गावाचा मान राखला त्यांनी शेवटपर्यंत."

दादा वारल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आमच्या गावचे सरपंच माईक धरून असं बोलले, आणि मांडवभर माणसांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले. बोलायला तोंड उघडलं, तर धाकट्या बहिणीनं पदर धरून खाली बसवलं. "ताई, आजच्या दिवशी नको." बरं, त्या दिवशी नाही बोलले. पण गप्प बसायचा गुण माझ्यात नाही, तेव्हा आज बोलते. हे सरपंच त्या वेळी चड्डीत मुतत होते. त्यांना काय ठाऊक, कोण बसलं आणि कोण उतरलं!

माझं नाव चांगुणा. उमरग्याला नर्स होते, आता रिटायर झाले. दादा म्हणजे माझे वडील. आमच्याकडं बापाला दादाच म्हणतात. गावाचं नाव मी सांगणार नाही. बेंबळीच्या बाजूला आहे, एवढं पुरे. तिथल्या लग्नपत्रिका मला अजून येतात. मी जाते, जेवते आणि घरी येऊन चिडते.

तर दादा कसे नम्र होते ते ऐका. छप्पन साली आमच्या लोकांनी बुद्धाचा धर्म घेतला, तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटत होतं. मेलेलं जनावर आता ओढायचं नाही, असं आमच्या वस्तीनं ठरवलं. थोड्याच दिवसांत गावात कुणाचा तरी बैल मेला आणि सांगावा आला. वस्तीतली मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली. दादा म्हणाले, "ज्याचा बैल त्यानं वढावा." सांगावा आणणाऱ्यानं हातातल्या चाबकानं त्यांना झोडपून काढलं. पाठीवरचे ते वण मी लहानपणी बोटानं चाचपत बसायचे. पण बैल दादांनी ओढला नाही. तो फुगला, वास सुटला, शेवटी मालकानंच नाकाला धोतर लावून तो गाडीमागं बांधून नेला. ह्या माणसाला सरपंच नम्र म्हणतात.

बहात्तरच्या दुष्काळात गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं. दादा आणि माय दोघंही तिथं खडी फोडायला. सरकारी सुकडी खाऊन दिवस काढले. तिथल्या ओव्हरसीयर साहेबांकडं फटफटी होती. एक दिवस साहेबांना हुडहुडी भरून ताप चढला. धाराशिवला दवाखान्यात न्यायचं कुणी? दादा म्हणाले, "म्या नेतो की." आयुष्यात कधी गाडीचा दांडा धरलेला नाही! साहेबांनी मागं बसून दादांच्या पाठीवर डोकं टाकलं आणि कण्हत कण्हत सांगत गेले, "क्लच... अरे, क्लच... आता गेर..." पोचेपर्यंत दादा गाडी शिकले, आणि साहेबांचा ताप भीतीनंच उतरला, असं माय सांगायची.

पुढं काही वर्षांनी गावात दूध सोसायटी झाली. अध्यक्ष नानासाहेब. गावातले मोठे शेतकरी, बोलायला साखर. संकरित गायी आल्या, दूध वाढलं, पण ते ऊन चढायच्या आत धाराशिवच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचं कुणी? सायकलवाल्यांच्या हातून दूध नासायला लागलं. मग सोसायटीनं एक जुनी, बारकी राजदूत फटफटी घेतली. बसकी अशी की उंच माणसाचे गुडघे दांड्याला लागायचे. ती चालवता येणारा रिकामा माणूस गावात एकच, मच्छिंद्र. म्हणून काम दादांना मिळालं. उपकार म्हणून नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आणि गंमत बघा. आमच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं. हॉटेलात आमचे कप वेगळे, बाहेर खिळ्याला अडकवलेले. पण गावचं सगळं दूध दादांच्या हातनं जायचं. मग तेव्हा विटाळ कुठं जायचा? तर ते दूध धाराशिवच्या लोकांनी प्यायचं होतं! धाराशिवचे लोक बाटले तर गावाची काही हरकत नव्हती.

मळ्यामळ्यांतनं दूध गोळा करून सडकेला लागायचं, तर गाव ओलांडावं लागतं. मळ्यांच्या बाजूला दगडी वेस आहे. वेशीतनं वर फरसबंदी चढ, चढाच्या टोकाला पार, आणि पारावर सकाळपासून ठाण मांडून बसलेली माणसं. दुसरी वाट ओढ्यातली, तिथं गुडघाभर वाळू. दादा रोज वेशीच्या पायथ्याला गाडी बंद करायचे, उतरायचे आणि भरल्या कॅनांसकट ती ढकलत वर न्यायचे. पार मागं पडला की पुन्हा किक. आम्ही पोरी विचारायचो, ढकलता कशाला? तर म्हणायचे, "बारकी गाडी हाय. तिला त्यो चढ वढत न्हाय." वेशीत ट्रॅक्टर चढायचा, गावातल्या अण्णारावाची जीप चढायची. आम्हाला वाटायचं, आपली बारकी आहे, नसेल चढत. मी दहावीपर्यंत हेच खरं धरून चालले होते.

दहावीला मी इंग्रजीत गचकले आणि घरी बसले. त्या वर्षी पुन्हा पाऊस रुसला होता. हिवाळ्यातच विहिरी तळाला गेल्या होत्या. अशात एक दिवस शीतकरण केंद्राच्या ओट्यावरनं भरलेला कॅन निसटला तो दादांच्या डाव्या मनगटावर. हाड मोडलं, प्लास्टर घातलं. क्लच डाव्या हाताला असतो, म्हणजे गाडी बंद.

नानासाहेब विचारपूस करायला घरी आले. घरी म्हणजे अंगणाच्या बाहेर उभे राहिले. फार हळहळले. "मच्छिंद्र, तू आधी बरा हो बाबा. तवर अण्णाराव जीपमधी नेईल दूध. आता त्याला एकदा सवय लागली म्हंजे मग..." अण्णाराव म्हणजे त्यांचा पुतण्या. सवय लागली म्हणजे मग काय, ते उघडच होतं. काम गेलं की रोजगार हमीवर खडी फोडायची, आणि एका हातानं खडी फुटत नाही. घरात आम्ही तिघी पोरी आणि माय. माय पदराला डोळे पुसायला लागली. दादा एकदम म्हणाले, "नानासाहेब, सोमवारी गाडी निघंल. माझी थोरली चालवंल, म्या मागं बसतो."

मला कुणी विचारलं होतं? मी चुलीपुढं बसून ऐकतेय! नानासाहेबांनी मला खालीवर न्याहाळलं, जशी काही शेळीच फटफटीवर बसणार होती. "बग बाबा," ते म्हणाले. "दूध सांडलं न्हाय पायजे."

शिकायला आम्ही गेलो पाझर तलावात. तलाव कोरडा ठाक, तळ सपाट. मी दादांचा जुना लेंगा घातला आणि वर परकर खोचला. दादांची शिकवायची रीत अशी, की गाडीला दोन्हीकडं कॅन बांधायचे, त्यांत निम्म्यापर्यंत पाणी भरायचं आणि झाकणं काढून ठेवायची. पाणी सांडलं म्हणजे गाडी वाईट चालवली. दुष्काळात पाणी! टँकरपुढं भांडून आणलेलं! माय कमरेवर हात ठेवून काठावर उभी. "सांडा, सांडा! जेवढं सांडंल तेवढं त्या भवानीनं भरून आणायचं, आन् तेबी डोक्यावरनं!"

पहिल्यांदा क्लच सोडला आणि गाडीनं बेडकासारखी उडी मारली. पाणी माझ्या पाठीवर, मी खाली, गाडी माझ्या पायावर. दादा ओरडले, "आगं, म्हशीचा कासरा टाकल्यागत टाकतीस व्हय? हळू! कोंबडीचं पिलू धरलंय मुठीत आसं समज!"

"पिलाला पेट्रोल लागत न्हाय, दादा!"

"तोंड चालवू नगं, गाडी चालव!"

असं आमचं शिक्षण. दादा एका हातानं गाडी उचलून द्यायचे, दुसरा गळ्यात अडकवलेला. मी पडायचे, ते चिडायचे, मी त्यांच्यावर दुप्पट चिडायचे. मला रागावणं जन्मतःच येतं, आणि ते कुणाकडनं आलं हे त्या तलावात कळलं. एकदा मी गाडी टाकून घरीच निघाले. दादा मागनं शांतपणे म्हणाले, "जा. अण्णारावाची जीप लई चांगली हाय." मी मुकाट्यानं परत आले. दोन दिवस माझ्या डोक्यावर हंडा होता. मग पाणी कमी सांडायला लागलं, आणि रविवारी सकाळी मी सगळ्या तळाला चक्कर मारून आले तर फक्त कॅनाच्या काठावर ओल. मायनं वाकून बघितलं आणि काही न बोलता घरी गेली. तिचं कौतुक तसंच असायचं.

मग माझ्या अंगात आलं. समोर तलावाचा बांध होता, गावातल्या वेशीच्या चढापेक्षा खडा. मी पहिला गेर टाकला आणि गाडी सरळ बांधावर घातली. दादा खालून ओरडतायत, "आगं मरशील! फिर माघारी!" गाडी कण्हली, कुंथली, पण चढली. माथ्यावर दोन्ही पाय टेकून मी उभी राहिले. दादा धापा टाकत वर आले. मला वाटलं, आता मुस्काटात बसते. पण ते हसत होते. "शाबास, पोरी! लई नीट घेतलीस. पाणीबी न्हाय सांडलं."

"दादा," मी म्हणाले, "हितं चढती, मग वेशीत का चढत न्हाय?"

त्यांचं हसू गेलं. ते गाडीच्या चाकाकडं बघायला लागले, जसं काही तिथं पंक्चर आहे.

"वेशीत आपुन उतरायचं आसतंय," ते म्हणाले.

"का?"

"आसतंय."

ज्या माणसानं चाबूक खाल्ला आणि बैल ओढला नाही, तो माणूस मला म्हणत होता, असतंय! मी घरी येऊन मायपुढं तांडव केलं. माय भाकऱ्या थापत होती, तिनं मान वर केली नाही. "तुझा आजा वेशीत पायताण काढून काखंत मारायचा. तुझा बाप नुसता उतरतो. तूबी उतर. काय झिजतीस का?"

मग तिनंच सिदूची गोष्ट सांगितली. सिदू म्हणजे दादांचा चुलतभाऊ, पलटणीत होता. मी तान्ही असताना सुट्टीवर आला तो नवी सायकल घेऊन, आणि तिच्यावर बसूनच वेशीतनं वर गेला. दुसऱ्या दिवशी सायकल बारवेत सापडली आणि सिदू ओढ्यात, पाय मोडलेला. दादांनीच त्याला पाठंगुळी आणलं. पाय बरा झाल्यावर सिदू जो गेला, तो पुन्हा गावात आला नाही. म्हणून दादा आम्हा पोरींना सांगत होते, की गाडी चढ ओढत नाही. मला त्या गोष्टीनं रडू आलं नाही, संताप आला. गावाचा आला, आणि खोटं कशाला सांगू, दादांचाही आला.

सोमवार उजाडला. मी पुढं, दादा मागं, मळ्यामळ्यांतनं दूध घेतलं. शेवटचं दूध बब्रुवान नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यातलं. वेशीच्या पायथ्याला दादांनी खांद्यावर थापटलं. "बंद कर. उतर." जसं गेर बदल म्हणतात, तसं म्हणाले. मी दात खात उतरले.

आता तुम्हीच सांगा, दोन भरलेले कॅन, वर खडा चढ, ढकलायला एक पोरगी आणि एक एकहाती माणूस. दादांच्या अंगात रग होती म्हणून ते इतकी वर्षं ढकलू शकले. निम्म्या चढावर माझी चप्पल फरशीवरनं सटकली. गाडी कलंडली. एका कॅनाचं झाकण उडालं आणि दूध फरशांवरनं खाली धावायला लागलं. दादा एका हातानं गाडी आवरतायत, मी गुडघे फोडून घेतलेले, पोटानं कॅन दाबून धरलाय. आणि पारावरची माणसं? बसलेली! एकजण म्हणाला, "आरारारा, लक्षुमी सांडली." ज्याचं दूध होतं तो बब्रुवान आमच्या आधी पायवाटेनं येऊन पारावर टेकला होता. त्याचं स्वतःचं दूध त्याच्या डोळ्यांदेखत गटारात चाललं होतं, तरी तो उठला नाही. उठला असता तर कॅन उचलताना आमच्या हाताला हात लागला असता ना! एक कुत्रं तेवढं धावत आलं आणि चाटायला लागलं.

दुपारी नानासाहेबांचा निरोप आला. "पोरीचं काम न्हाय हे, मच्छिंद्र. उद्या आणखी सांडलं तर परवापासनं जीप."

मी गुडघ्याला हळद लावत होते. तशीच उठून दादांपुढं उभी राहिले. "उद्या म्या उतरणार न्हाय. बसूनच चढवणार. ढकलत न्हेलं तर दूध सांडतंय, आन् दूध सांडलं तर काम जातंय. मग उतरायचं कशाला? काम घालवायला?"

दादा प्लास्टर खाजवायला लागले.

"भरल्या कॅनांनी चढंल का न्हाय, तेवढं सांगा. पयला गेर पुरंल का?"

दादांना त्या वाटेवरचा एकूण एक खड्डा पाठ होता. कुठं वाळू आहे, कुठल्या वळणावर म्हशी आडव्या येतात, सगळं त्यांनी मला सांगितलं होतं. त्यांनी खाजवणं थांबवलं. मग म्हणाले, "ठाव न्हाय, पोरी. म्या तिथनं कदी बसून गेलोच न्हाय."

मंगळवारी वेशीच्या पायथ्याला मी गाडी बंद केली नाही. दादा मात्र मागनं उतरले. "वजन कमी हुईल," म्हणाले, "तू जा, म्या येतो चालत." वजनाचं नाव! मी पहिला गेर टाकला आणि निघाले.  सिदूचा पाय सारखा डोळ्यांपुढं येत होता. पण गाडी चढली हो! कॅन खडखडले, झाकणं नाचली, आणि मी पारापुढनं फटफटत गेले. पारावरच्या एकाची तंबाखू मळता मळता हातातच राहिली. थेंब सांडला नाही. पलीकडं जाऊन मी दादांची वाट बघत थांबले.

दादा खाली मान घालून चालत येत होते. पारावरनं नानासाहेब बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "का रं मच्छिंद्र? पोरगी तर गेली की बसून! आन् तू कशापायी उतरतूस? आमी कदी म्हणलं का तुला, उतर म्हणून? कुणी अडवलं हुतं का?"

पार खदखदून हसला. दादांनी मान हलवली, हसल्यासारखं केलं आणि येऊन माझ्यामागं बसले.

गाव मागं पडलं. सडकेला लागल्यावर ते माझ्या कानाशी म्हणाले, "चांगुणा, खरंच कुणी म्हणलं न्हवतं का गं?"

मी सडकेच्या मधोमध गाडी थांबवली. मागनं येणाऱ्या एस.टी.नं हॉर्न वाजवला, मी म्हणाले वाजव! "दादा, सिदूकाकाचा पाय कुणी मोडला? त्यो सोताच पडला व्हय ओढ्यात? आजा पायताण हौस म्हणून काखंत घालत हुता?" मी ओरडत होते आणि रडत होते. एवढा अंगापिंडानं दणकट माणूस, आणि त्याला स्वतःचीच शंका यायला लागली होती. इतकी वर्षं उतरवलं ते उतरवलं, आणि आता म्हणे, आम्ही कुठं म्हणालो! अपमान केला तो केला, वर तोही दादांनीच स्वतःच्या हातानं करून घेतला म्हणायचं! ह्याला काय म्हणावं? दादा म्हणाले, "चल, चल. दूध नासंल."

मग रोज तेच. मी बसून चढायचे, दादा पायथ्याला उतरून चालत यायचे. मला कुणी अडवलं नाही. अडवायची सोय त्यांनी स्वतःच घालवली होती, कारण पारावर बसून चारचौघांत 'कुणी अडवलं?' असं बोलून बसले होते. शिवाय दूध वेळेवर पोचत होतं, आणि दुधापुढं गाव पुष्कळ गोष्टी गिळतं.

प्लास्टर निघालं. मनगट जरा वाकडं बसलं होतं, पण क्लच दाबला जायचा. पहिल्या दिवशी दादा म्हणाले, "आज म्या चालवतो. तू मागं बस." तोंडावर असं काही होतं की मला लगेच कळलं, आज ते उतरणार नाहीत. त्यांनी सदरा धुतलेला घातला होता. मळ्यांवर लोकांशी हसून बोलत होते. मी मागं बसून मनात नाचत होते.

वेशीचा पायथा आला. दादांचा उजवा हात दांड्यावरनं सुटला, चावीकडं गेला, आणि इंजन बंद.

"दादा, चावी!"

"आं? व्हय की." त्यांनी किक मारली. गाडी सुरू झाली, हातभर पुढं गेली. पुन्हा हात चावीवर. पुन्हा बंद.

वर पारावर माणसं वाकून बघायला लागली. "बंद पडती व्हय रं मच्छिंद्र?" दादांनी तिसऱ्यांदा किक मारली. त्या थंडीत त्यांच्या मानेवरनं घाम ओघळत होता. गेर टाकला, आणि त्यांचा हात जणू दुसऱ्याच कुणाचा असावा तसा उठला आणि चावी फिरवून मोकळा झाला. मी बघत होते. ते स्वतःही बघत होते.

"चांगुणा," ते हळूच म्हणाले, "हात ऐकंना गं."

मी खाली उतरले. "मागं सरका."

ते सरकले. पहिल्यांदाच माझं ऐकलं त्यांनी वाद न घालता. मी पुढं बसले, किक मारली. दोन माणसं आणि दोन भरले कॅन, ती बारकी गाडी जीव खाऊन ओरडली, पण मी दया केली नाही. पारापुढं आले आणि ब्रेक दाबला, बरोबर नानासाहेबांच्या समोर. इंजन चालूच ठेवलं. दादांचा उजवा हात धरून वर केला.

"नानासाहेब, तुमी म्हणला हुता ना, कुणी अडवलं? मग बगा ह्या हाताकडं. गाडी ह्यांच्या बुडाखाली, चावी ह्यांच्या म्होरं, आन् हात तुमचं ऐकतोय! सांगा, कुणी शिकवलं ह्या हाताला? आता का बोलत न्हाय कुणी? त्या दिवशी लई हसत हुता की!"

 बब्रुवान उगीच धोतराचा सोगा झटकत बसला. नानासाहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही, दादांकडंही बघितलं नाही, रस्त्याकडं बघितलं. "जा बाई," ते म्हणाले, "दूध नासतंय."

मी गेर टाकणार, तेवढ्यात दादांचा हात माझ्या खांद्यावर पडला.

"थांब."

"काय झालं?"

"काय न्हाय. जरा बसू दे हितं."

मी क्लच दाबून धरला. इंजन चालू होतं, पारावरची सगळी माणसं बघत होती, आणि आम्ही बापलेक तिथं बसून राहिलो.